झालं म्हणणारं रिकामं फंक्शन

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कोणावर का उखडले ते समजावत बसायला नको. आई म्हणते, ही पोरगी कपाळावर आठी घेऊनच जन्मली. त्या उन्हाळ्यात ती आठी दोन माणसांमुळं होती. एक माझे वडील, आमचे अण्णा, डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची वेळ झाली की नेमके अंगणात निघून जाणारे. दुसरा एक परदेशातला माणूस. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण तो माझा कोड ओळ न् ओळ वाचतो आणि पटला नाही तर परत पाठवतो.

मी परभणीजवळच्या झरी गावात आईवडिलांजवळ राहते आणि घरून काम करते. आधी पुण्यात होते. काम तेच आहे, खुर्ची तेवढी बदलली. गावात कोणी विचारलं तर "कंप्युटरचं काम" एवढंच सांगते, कारण एकदा शेजारच्या काकूंना खरं समजावायला गेले तर दुसऱ्या दिवशी त्या बंद पडलेला मोबाईल घेऊन दारात उभ्या. खरं काम असं आहे. कंप्युटर असो, फोन असो, नाहीतर टीव्हीखालचा डबा असो, त्याच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असतो आणि बाकी सगळे त्याच्या जिवावर चालतात. त्याला कर्नल म्हणतात. फाइल कुठं ठेवायची, कुठून काढायची, मधेच लाइट गेली तर काय वाचवायचं, हे बघणारा कर्नलचा जो भाग, तो फाइलसिस्टिम. अशाच एका फाइलसिस्टिमवर मी काम करते. हा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. जगभरची माणसं त्यात भर घालतात आणि एकमेकांचं काम ईमेलवर तपासतात. तिथं कोणी कोणाचं मन राखत नाही.

हा एकच कोड मोठ्या कचेरीतल्या मशीनमध्येही जातो आणि दूध डेअरीच्या काट्यातही जातो. काट्याला सगळ्या सोयी नको असतात, त्याच्या पोटात तेवढी जागाही नसते. म्हणून कोडची बांधणी करण्याआधी, म्हणजे लिहिलेल्यातून चालता प्रोग्राम बनवण्याआधी, कोणती सोय हवी आणि कोणती नको ते ठरवता येतं. नको म्हटलं की तिचा कोड बांधणीत घेतलाच जात नाही. त्यासाठी कोडमध्येच मधेमधे अटीच्या ओळी घालतात, 'ही सोय घेतली असेल तरच पुढचं वाच' अशा. आमच्या धंद्यात त्या ओळीला इफडेफ म्हणतात. एक इफडेफ असला तर काही बिघडत नाही. पण एकदा घालायला लागला की माणूस थांबत नाही, हा अनुभव आहे.

आमच्या फाइलसिस्टिममध्ये शिक्क्याची सोय होती. फाइलवर एकदा शिक्का मारला की नंतर तिच्यात कोणी एका अक्षराचा जरी फेरफार केला, तरी उघडताना ते पकडलं जातं आणि फाइल उघडत नाही. सोय चांगली होती. पण ज्यांनी ती घातली त्यांनी फाइल उघडण्याच्या फंक्शनमध्ये, म्हणजे ते एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, इफडेफ घातला, वाचण्याच्या फंक्शनमध्ये घातला, पुसण्याच्या फंक्शनमध्ये घातला. एका ठिकाणी तर 'जर'चा सुरुवातीचा कंस इफडेफच्या आत आणि शेवटचा बाहेर. ज्यानं कोणी लिहिलं असेल त्याला समोर बसवून तेच वाचायला लावावं असं मला वाटायचं. सोय चालू असताना कोड कसा धावतो आणि बंद असताना कसा, हे बघायला बोटानं ओळी झाकून वाचावं लागत होतं.

हे असलं मी आधी आमच्या स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. चातुर्मासात आई कांदा-लसूण खात नाही, आणि अण्णांना लसणाशिवाय घास उतरत नाही. सुरुवातीला आई एकाच पातेल्याशी झुंजायची. फोडणीला थांब, वाटणाला थांब, चमचा बदल, आणि शेवटी दोघंही तोंड वाकडं करून जेवणार. मग ती आपल्यापुरतं वरण आधीच वेगळं काढून ठेवायला लागली, आणि उरलेल्याला लसणाची फोडणी देऊन मोकळी. ठरवायचं ते एकदा आणि एकाच जागी ठरवलं.

कोडमध्येही रीत तीच आहे. हेडर नावाची एक फाइल असते, तिच्यात फंक्शनांची ओळख लिहून ठेवलेली असते. इफडेफ घालायचा तो तिथं, एकदाच. शिक्क्याची सोय घेतली असेल तर शिक्का तपासणारं खरं फंक्शन. घेतली नसेल तर त्याच नावाचं रिकामं फंक्शन, आत काहीच नाही. मग मुख्य कोडमध्ये अटी लागत नाहीत. फाइल उघडणारा कोड सरळ म्हणतो, 'शिक्का तपास', आणि पुढं जातो. तपासणारं खरं आहे का रिकामं, याची त्याला फिकीर नाही. रिकामं असेल तर बांधणीत ते विरघळून जातं.

जिथं वेगळं फंक्शन काढण्यासारखं नसतं, तिथं इफडेफच्या जागी साधा 'जर' लिहायचा. याचा एक मोठा फायदा आहे. आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेणारा जो प्रोग्राम असतो, कंपायलर, तो साध्या 'जर'च्या दोन्ही बाजू वाचतो. चूक असली तर बंद बाजूचीही चूक दाखवतो, आणि मग ती बाजू टाकून देतो. इफडेफची बंद बाजू मात्र तो वाचतच नाही. जे कोणी वाचत नाही ते कुजतं. दोन-चार वर्षांनी कोणी ती सोय चालू करायला जातो तेव्हा आत काय काय मेलंय ते कळतं.

हे सगळं साफ करायचं काम मी अंगावर घेतलं होतं. मला असलं काम आवडतं. नवीन काही होत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही, पण वाचणाऱ्याचा जीव सुटतो. पहिल्यांदा पाठवलं तेव्हा माझं नाक कापलं गेलं, तेही माणसाकडून नाही. बदल पाठवला की एक मशीन तो कोड वेगवेगळ्या सोयी चालू-बंद करून बांधून बघतं आणि काही मोडलं तर सगळ्यांसमोर ईमेल टाकतं. त्याचा ईमेल आला, शिक्क्याची सोय बंद केली तर तुमचा कोड बांधलाच जात नाही. मी माझ्या मशीनवर सोय चालू ठेवूनच बांधत होते. मी 'जर' लिहिला खरा, पण शिक्क्याची माहिती ठेवायची जागा अजून जुन्या इफडेफच्या आतच होती, आणि कंपायलर आता बंद बाजूही वाचत होता. त्याला ती जागा सापडेना. मी स्वतःला चार शिव्या घातल्या, ती जागा काढून देणारं एक छोटं फंक्शन हेडरमध्ये लिहिलं, आणि पुन्हा पाठवलं.

आता अण्णांचं सांगते.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. पालमची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली, मधे काही काळ देवगाव फाट्यावरून जाणाऱ्या लांबच्या गाड्याही. रिटायर झाल्यावर एक जुनी स्कूटर घेतली आणि तिच्यावर गावभर फिरायचे. शेतावर चक्कर, बँक, कोणाच्या घरी कार्य असलं की पाण्याचे जार आणून देणं. स्कूटर होती तोवर त्यांना रिटायर झाल्यासारखं वाटत नव्हतं. मग एकदा भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर त्यांनी बाजूनं येणाऱ्या बैलगाडीला धडक दिली. कोणाला लागलं नाही. "गाडी आलीच कुठून," असं ते दोन-तीनदा म्हणाले, तेव्हा मी त्यांना परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. त्यात बाजूची नजर आधी जाते आणि समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपलं सगळं ठीक आहे. तपासणीसाठी डोळ्यांत औषध घालून अण्णांना बाहेर बाकावर बसवलं होतं, आणि डॉक्टरांनी मला आणि आईला आत बोलावून सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशननंही येत नाही. उरलेली टिकवायची असेल तर थेंब रोज, न चुकता, जन्मभर. आणि स्कूटर बंद.

बाहेर आलो तर अण्णा डोळे मिचकावत बसलेले. त्यांनी विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?"

आईनं माझा दंड धरला. "ठीक हाय म्हणले," ती म्हणाली. "थेंब घालत जावा म्हणले."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "हो."

आमच्या घरात 'न्हाई' म्हणत नाहीत. हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही, पण मराठवाड्यातल्या माणसाला मी काय म्हणते ते कळेल. पिठाचा डबा रिकामा झाला तर आई 'पीठ संपलं' म्हणत नाही, 'डबा भरायला झालाय' म्हणते. दिवा विझत नाही, शांत होतो. घरातून निघताना कोणी 'जातो' म्हटलं तर त्याला उंबऱ्यातून परत आत बोलावून 'येतो' म्हणायला लावायचं. शेजारीण ताक मागायला आली आणि ताक नसलं तर 'आज विरजण लावलंय, उद्या न्या' म्हणायचं आणि वाटीत दुसरं काहीतरी घालून पाठवायचं. आणि मोठ्या माणसाला तोंडावर 'न्हाई' म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावर धावून जाणंच. त्यामुळं अण्णांना त्या दिवशी आम्ही दोघींनी जे सांगितलं ते खोटं आहे असं आम्हाला वाटलंच नाही. आम्ही रीतीनं बोललो होतो.

स्कूटरचं आईनं परस्पर बघितलं. फिटरकडून तिचा कुठलासा भाग काढून घेतला आणि अण्णांना सांगितलं, पार्ट मागवलाय, यायचाय. अण्णा आठवड्याला विचारायचे, "पार्ट आला का गं?" आई म्हणायची, "येईलच आता." तिच्या तोंडावरची सुरकुतीही हलायची नाही. मी आतून ऐकायचे आणि मूग गिळून बसायचे.

आणि अण्णा थेंब घालेनात. घातले तर आईच्या समाधानासाठी, नाहीतर सरळ निघून जायचे. डोळे चुरचुरतात म्हणायचे. मी मागं लागले की म्हणायचे, "ठीक हाय म्हणले ना डॉक्टर? मग रोज रोज कामून तकलीफ द्यायलीस?" माझं डोकं फिरायचं. मी बाटली घेऊन अंगणात जायचे, ते लिंबाखालून उठून गोठ्याकडं जायचे. एवढा शिस्तीचा माणूस, नोकरीत कधी गाडी उशिरा काढली नाही, आणि दोन थेंबांसाठी लहान लेकरासारखं पळतो, असं मला वाटायचं. जेवताना डाव्या हाताचा तांब्या त्यांना दिसत नव्हता, तो लवंडायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. बाजूनं कोणी आलं की दचकायचे. उरलेली नजर रोज थोडी थोडी चालली होती आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत, असं त्यांच्यासमोर म्हणायचीही सोय नव्हती.

तशातच एका सकाळी परदेशातल्या त्या माणसाचा ईमेल आला. मी चहा घेऊन जिन्यावर बसले होते, कारण आमच्याकडं नेट जिन्यावरच धड येतं. त्यानं आधी चांगलं लिहिलं होतं. मांडणी छान, मुख्य कोड आता वाचता येतो, हेडरमध्ये इफडेफ एकाच जागी आलाय. मी खूश झाले. खाली एक ओळ होती. तुमचं शिक्क्याचं रिकामं फंक्शन शून्य परत देतं, असं चालणार नाही.

इथं थोडं समजून घ्यावं लागेल. आमच्या धंद्यात फंक्शननं शून्य परत दिलं की त्याचा अर्थ 'झालं, काही अडचण नाही'. अडचण असेल तर उणे आकडा द्यायचा. 'ही सोय इथं नाही' यासाठीही एक ठरलेला उणे आकडा आहे. मी माझ्या सगळ्या रिकाम्या फंक्शनांतून शून्य दिलं होतं. शिक्का मार, झालं. शिक्का तपास, झालं. शिक्क्याची जागा मोकळी कर, झालं. मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. जी सोयच घेतलेली नाही, तिच्याबद्दल कशाला तोंड वाजवायचं? गपचूप 'झालं' म्हणावं आणि पुढच्याला पुढं जाऊ द्यावं, कोणाचं अडत नाही.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी साफसफाई केली आणि हा एका शून्यावर अडून बसलाय. मी उत्तर लिहिलं, आणि जरा तिखटच लिहिलं. सोय बंद असताना काम करायचंच नसतं, न करायचं काम केलं नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे, आणि जुन्या कोडमध्येही इफडेफ बंद असताना फाइल उघडतच होती, मी नवीन काही घातलेलं नाही. पाठवलं, आणि हात झटकून खाली आले.

दुपारी जेवून पुन्हा जिन्यावर गेले तर त्याचं उत्तर आलेलं. रागाचं नव्हतं. जुना कोडही चूकच होता, त्यानं लिहिलं होतं, फक्त अटींच्या गर्दीत ती कोणाला दिसत नव्हती, तुमच्या साफसफाईमुळं दिसली. मग त्यानं रिकाम्या फंक्शनांचे दोन प्रकार सांगितले. मोकळं करणारं फंक्शन रिकामं असेल तर त्यानं गप्प राहावं, कारण मोकळं करायला काही नव्हतंच आणि 'झालं' हे खरंच आहे. पण कोणी विश्वासानं येऊन म्हणतं की माझ्या फाइलवर शिक्का मार, किंवा या फाइलचा शिक्का बघून सांग, त्याला 'झालं' म्हणता येणार नाही. त्यानं विचारलं होतं, हे उत्तर ऐकून तो माणूस उद्या त्या फाइलशी कसा वागेल?

मी वाचता वाचता मनात उत्तर दिलं. कसा वागेल म्हणजे काय, निर्धास्त वागेल. तिची दुसरी प्रत ठेवणार नाही. राखणार नाही. ठीक हाय म्हणले ना, मग रोज रोज कशाला.

जिन्यावरून अंगण दिसतं. अण्णा लिंबाखाली स्कूटरजवळ बसले होते, फडक्यानं तिचा आरसा पुसत होते, आणि थेंबांची वेळ केव्हाच टळून गेली होती. महिनोन् महिने मी अण्णांवर चिडत होते. त्यांचं कुठं चुकत होतं? त्यांना जे उत्तर मिळालं होतं त्याप्रमाणं ते बरोबर वागत होते. मला इतकं वाईट वाटलं की लॅपटॉप तसाच जिन्यावर ठेवून मी खाली आले.

आई भांडी घासत होती. मी म्हणाले, "आई, मी अण्णांना सांगणार हाय."

"काय सांगणार हायस?"

"डॉक्टर काय म्हणले ते."

तिनं हातातली परात खाली ठेवली. "खचतील ते. स्कूटर गेली म्हणल्यावर काय उरलं त्यांच्यापाशी? मी काय हौसेनं खोटं बोलायले का?"

"थेंब घालेनात ते. आपण ठीक हाय म्हणलो म्हणून घालेनात."

"मी घालते की थेंब. रात्री झोपेत घालते," आई म्हणाली. मला तिचाही राग आला नाही, हे माझ्या बाबतीत नवलच. ती त्यांना जपत होती, फक्त नजर सोडून बाकी सगळं जपत होती. मी तिला म्हणाले, तू आत बस, मी एकटी सांगते. ती आत बसली नाही, दाराच्या आड उभी राहिली.

मी अण्णांसमोर जाऊन बसले. बाजूला बसले असते तर त्यांना दिसले नसते.

"अण्णा, पार्ट मागवलेला न्हाई," मी म्हणाले. "स्कूटर चालू होऊ नये म्हणून आपणच तो काढून ठेवलाय."

ते आरसा पुसायचे थांबले.

"गेलेली नजर परत येत न्हाई, डॉक्टर म्हणले. ऑपरेशननं पण न्हाई. थेंब घातले तर उरलेली टिकती. न्हाई घातले तर ती पण जाती." एवढ्या वेळा 'न्हाई' मी त्यांच्यासमोर जन्मात म्हटलं नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "परत येतच न्हाई?"

"न्हाई."

"हे कदी म्हणले डॉक्टर?"

"पहिल्या वेळेलाच. तुमी बाहेर बाकावर होता."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि दोघं मोकळे झालो असतो. पण ते स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "तवापासून मी ह्या दोन डोळ्यांशी जुगार खेळायलो, आन् तुमी दोघी बसून बगायल्या." मग घराकडं निघाले. दाराच्या चौकटीला खांदा लागला. आई पुढं झाली, तर तिचा हात त्यांनी बाजूला केला. आतून आवाज आला, "थेंबाची बाटली कुठं ठेवली?"

त्या दिवसापासून त्यांनी थेंब चुकवला नाही. स्वतः घालायला शिकले. भिंतीला डोकं टेकवून, एका हातानं पापणी धरून. सुरुवातीला अर्धे थेंब गालावरून ओघळायचे, पण आम्हाला हात लावू दिला नाही. स्कूटर फिटरला देऊन टाका म्हणाले, त्याच्या पोराला होईल. आमच्याशी बोलायचे, पण कामापुरतं. जेवायला वाढू का, हो. चहा टाकू का, टाक. आईनं एकदा माझ्याकडं नुसतं बघितलं. 'खचतील म्हणले होते ना', हे तिला म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि तरी मला माझं चुकलं असं वाटलं नाही. चूक आधी झाली होती, दवाखान्यातल्या बाकापाशी मी 'हो' म्हणाले तेव्हा.

कोडचं काम त्यानंतर पटकन संपलं. मोकळं करणारी फंक्शनं तशीच रिकामी ठेवली. शिक्का मारणाऱ्या आणि तपासणाऱ्या रिकाम्या फंक्शनांतून शून्य काढलं आणि 'ही सोय इथं नाही'चा उणे आकडा घातला. त्यामुळं आता शिक्क्याची फाइल असलेली डिस्क, सोय बंद असलेल्या मशीनला लावली, तर ते शिक्क्याची फाइल उघडायला नकार देतं आणि का तेही सांगतं; बिनशिक्क्याच्या फाइलींना तपासणीच लागत नाही, त्या आधीसारख्या उघडतात. यावरही एकानं कुरकुर केली, की आधी उघडत होती, आता उघडत नाही. त्याला मी उत्तर लिहिलं, आधी उघडत होती तीच चूक होती. या वेळी तिखट लिहावं लागलं नाही. बदल स्वीकारला गेल्याचा एका ओळीचा ईमेल आला आणि मला मनापासून बरं वाटलं. मी आईला सांगितलं, तिनं साखर हातावर ठेवली. अण्णांनी "बरं झालं" म्हटलं.

पावसाळा सरता सरता पुन्हा तपासणीची तारीख आली. आम्ही दोघं जिंतूरकडून येणाऱ्या गाडीनं परभणीला गेलो. बसमध्ये अण्णा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, नेहमीसारखे, आणि ड्रायव्हरनं गिअर बदलला की त्यांचा डावा हात आपोआप हलत होता. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, डोळ्यांत औषध घातलं, आणि मग नर्सनं आत बोलावलं. मी उठले.

"तू बस," अण्णा म्हणाले. "मी जातो."

'येतो' नाही म्हणाले. मी बसले. दार बंद झालं. आत ते बराच वेळ होते. मला डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता, शब्द येत नव्हते. अण्णांचा एकदा प्रश्न ऐकू आला, त्याचं उत्तर नाही आलं. मी त्याच बाकावर बसले होते जिथं मागच्या वेळी ते बसले होते. थेंब तर नीट घालत होते. पण त्याआधीचे ते सगळे महिने गेले होते, त्यात किती गेलं असेल ते मला माहीत नव्हतं.

दार उघडून अण्णा बाहेर आले. काळा चष्मा घातलेला, एक हात भिंतीला. मी पुढं होऊन विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?"

"ठीक हाय म्हणले," अण्णा म्हणाले. "चल, गाडी निघंल."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. काळ्या चष्म्यामुळं काही कळत नव्हतं. पुन्हा विचारायला माझं तोंड उघडेना. आत जाऊन डॉक्टरांना विचारता आलं असतं, पण ते जिथं उभे होते तिथून मी दार ढकललेलं त्यांना ऐकू गेलं असतं, आणि मी त्यांचं खरं धरलं नाही हे कळलं असतं.

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. अण्णा तिच्या शेजारून आत गेले. तिनं मला हळूच विचारलं, काय म्हणले. मी म्हणाले, ठीक हाय म्हणले. माझ्याकडं तेवढंच होतं.